कित्ता, काच आणि गोल्फची काठी

गोल्फसारखा खेळ साहित्यचर्चेच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. म्हणून आधीच सांगितलेले बरे की, कोणी किती फटक्यांत मैदान पुरे केले याच्याशी प्रस्तुत लेखाला कर्तव्य नाही. लेखाचा विषय आहे गोल्फचा स्विंग सुधारावा म्हणून विकली जाणारी साधने. आणि त्या साधनांच्या आडून एक जुना प्रश्न. शरीराला जे करायचे असते ते शब्दांनी शिकवता येते, वस्तूंनी शिकवता येते, की ते शिकवता येतच नाही, फक्त शिकता येते? वर्गात उभे राहून कविता ‘शिकवणाऱ्या’ कोणालाही हा प्रश्न परका वाटू नये.

आधी साधनांविषयी. सरावाच्या साधनांचा एवढा बाजार भरलेला दुसरा खेळ सहसा सापडणार नाही. मधोमध बिजागरी असलेली काठी मिळते. स्विंग बिघडला की ती त्या जागी मोडून लोंबते आणि खेळणाऱ्याची फजिती करते. लवचिक दांड्याच्या टोकाला नारिंगी चेंडू बसवलेले चाबकासारखे साधन मिळते, ते लय शिकवते म्हणतात. दोन्ही हात कोपरांपाशी जखडून ठेवणारे पट्टे आहेत. काठीच्या डोक्यावर चढवायचे वजनदार कडे आहे. माणसाभोवती तिरके उभे करायचे मोठे वर्तुळ आहे, त्याच्या कडेवरून काठी फिरवत न्यायची. चेंडूऐवजी ज्याच्यावर आघात करायचा ती भरलेली पिशवी आहे. आणि या सगळ्या गर्दीत जमिनीवर टाकून ठेवायच्या दोन साध्या सरळ काठ्याही आहेत. त्या फक्त दिशा दाखवतात. आपण मैदानाच्या उजवीकडे तोंड करून उभे आहोत आणि आपल्याला मात्र सरळ उभे असल्यासारखे वाटते आहे, एवढेच त्या सांगतात. माझ्या मते या बाजारात बिनतक्रार घ्यावी अशी वस्तू एवढी एकच. ते का, हे पुढे येईलच.

हा बाजार गोल्फमध्येच का फोफावला? क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, फलंदाजाला विचार करायला सवड नसते. गोल्फचा चेंडू निमूट पडलेला असतो. तो वाट पाहतो. फटका चुकला तर गोलंदाजाला, पंचाला किंवा उसळीला बोल लावण्याची सोय नाही. खेळणारा आणि त्याचे शरीर यांच्यात तिसरे कोणी नसते, आणि मन जेथे मोकळे सापडते तेथे सिद्धान्त शिरतो. त्यातही गंमत अशी की, विचाराला एवढी सवड देणारा हा खेळ कृतीच्या क्षणी ती सवड पूर्ण काढून घेतो. जॉन नोव्होसेल या अमेरिकन गृहस्थांनी चांगल्या व्यावसायिकांच्या चित्रफिती एकेक चौकट मोजत पाहिल्या आणि २००४ साली त्यावर पुस्तक केले. काठी वर नेण्याचा काळ आणि ती खाली चेंडूपर्यंत आणण्याचा काळ यांचे प्रमाण तीनास एक असे त्यांना आढळले. सेकंदाला तीस चौकटी धरल्या तर चोवीस वर जाताना आणि आठ खाली येताना. म्हणजे खाली येणे साधारण पाव सेकंदाचे. काठी आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच. डोळ्यांनी काही पाहून हाताने त्याला उत्तर द्यायचे म्हटले तरी पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणजे काठी खाली निघाली की सुधारणेची मुदत संपली. जे काही शिकायचे ते त्याआधी शिकलेले असले पाहिजे, आणि त्या क्षणी ते आठवताही कामा नये.

आता शब्दांकडे वळू. स्विंग कसा करावा याविषयी आज ठाऊक असलेले सर्वांत जुने टिपण १६८७ सालचे आहे. एडिंबरोत वैद्यक शिकणाऱ्या टॉमस किंकेड या तरुणाने ते आपल्या रोजनिशीत केले. उभे कसे राहावे हे सांगताना त्याने उपमा घेतली ती तलवारबाजीची: हलक्या तलवारीने लढणारा जसा उभा राहतो तसे उभे राहावे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. गोल्फच्या शिक्षणाचे पहिले उपलब्ध पान उघडावे आणि त्यावर उपमा असावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. शरीराची न दिसणारी अवस्था सांगायची तर दिसणाऱ्या दुसऱ्या अवस्थेचा हात धरावाच लागतो. पुढे १८५७ साली एच. बी. फार्नी यांचे गोल्फचे पहिले छापील शिक्षण-पुस्तक निघाले, आणि त्यानंतर पुस्तकांची जी रांग लागली ती अजून थांबलेली नाही.

त्या रांगेतले सर्वांत प्रभावी पुस्तक बरोबर शंभर वर्षांनी आले. १९५७ साली बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ आधी एका क्रीडा-साप्ताहिकात क्रमशः आणि मग ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लेखनाला हर्बर्ट वॉरन विंड या जाणत्या क्रीडालेखकाचा हात होता आणि चित्रे अँथनी रॅव्हिएली यांची होती. या पुस्तकातली एक प्रतिमा गोल्फ खेळणाऱ्या जगाच्या डोक्यात कायमची बसली. खेळाडूच्या खांद्यांवर एक मोठी काच तिरकी टेकवलेली आहे. तिची खालची कड चेंडूपाशी आहे आणि मधल्या भोकातून खेळाडूचे डोके बाहेर आले आहे. काठी वर नेताना हात या काचेच्या खालून तिला समांतर जात राहिले पाहिजेत; ते वर घुसले तर काच फुटेल.

ही काच कोठेही नाही आणि हेच तिचे सामर्थ्य आहे. भूमितीतला ‘प्रतल’ हा शब्द होगन यांनी वापरला आणि तेथेच थांबले असते तर वाचकाला काहीच मिळाले नसते. काच म्हटल्याबरोबर त्या प्रतलाला कड आली, गारवा आला, फुटण्याची भीती आली. कोपरापासून मनगटापर्यंत एक सावधपणा आला. तो कोणत्या स्नायूने आणायचा हे सांगावे लागले नाही. चांगली प्रतिमा शरीराला आज्ञा देत नाही, परिस्थिती देते. त्या परिस्थितीत कसे वागायचे ते शरीर आपले आपण ठरवते. आपल्याकडे गाण्याच्या शिकवणीत हे रोज चालते. स्वर ‘लावा’, ‘धरा’, ‘सोडा’ म्हणणारा गुरू कंठातल्या कोणत्याही स्नायूचे नाव घेत नाही.

पण बाजाराला न दिसणारी वस्तू विकता येत नाही. होगन यांच्या पुस्तकानंतरच्या काही दशकांत त्या काचेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ती वर्तुळ झाली: नळीचे, तिरके, घडी घालून गाडीत ठेवता येण्याजोगे. त्याच पुस्तकात दोन्ही बाहू जणू एकत्र बांधलेले आहेत असे दाखवणारे चित्र आहे. ते ‘जणू’ गळून पडले आणि खरे पट्टे आले. उपमेतला ‘सारखा’ काढून टाकला की काय उरते, याचा हा वस्तुपाठ. अलंकारशास्त्रात याला काय म्हणावे ते जाणकारांनी ठरवावे. माझ्या लेखी ही प्रतिमेची केलेली नासाडी आहे. काच कल्पिलेली असते तेव्हा हात ती न फोडण्याची जबाबदारी घेतात. वर्तुळ खरेच उभे असते तेव्हा ती जबाबदारी वर्तुळाकडे जाते. हात कड्यावर टेकले की निश्चिंत. आणि मैदानावर वर्तुळ नसते.

येथे लिहायला शिकण्याची आपली जुनी रीत आठवते. कित्ता हे मराठी मुलांच्या हाती दिलेले पहिले सराव-साधन. वळणदार अक्षर आधीच काढलेले असायचे, मुलाने ते गिरवायचे. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार आपण थोरामोठ्यांचे अनुकरण या अर्थाने आदराने वापरतो. मात्र कित्त्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांत फरक करायला हवा. एकात पेन्सिल अक्षरावरूनच फिरते. दुसऱ्यात नमुना वरच्या ओळीत असतो आणि खालच्या ओळी मोकळ्या असतात. मुलाने वर पाहायचे, खाली लिहायचे, पुन्हा वर पाहायचे. पहिल्यात चूक होऊच शकत नाही, झालीच तर ती गिरवण्याची असते. दुसऱ्यात चूक होते, दिसते आणि पुढच्या ओळीत थोडी कमी होते. नवशिक्याच्या हाताला पहिल्याची गरज चार दिवस असेल. पाचव्या दिवशी त्याला मोकळी ओळ दिली नाही तर त्याचा हात आयुष्यभर दुसऱ्याच्या अक्षरावर चालत राहील.

हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच वेगळ्या भाषेत मांडले आहे. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली त्या क्षेत्रातल्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि एक गृहीतक पुढे ठेवले. शिकणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर, न चुकता, काय चुकले ते सांगत राहिले तर सराव चालू असताना त्याची कामगिरी छान दिसते. सांगणे बंद केले की मात्र ती घसरते. मधूनमधून, उशिरा, कमी सांगितलेला विद्यार्थी सरावात मागे दिसतो पण नंतर टिकतो. कारण आधार सतत मिळाला की मन त्या आधारालाच कृतीचा भाग करून टाकते आणि स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची ताकद वाढवायचे सोडून देते. या मांडणीच्या इंग्रजी नावात ‘गाईडन्स’ हा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत शिकलेल्या कोणालाही तो वाचून हसू येईल, कारण आपल्याकडे ‘गाईड’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

गाईडातून अभ्यास केलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तम गुण मिळवतो, हे आपण मान्य केले पाहिजे. कवितेचा आशय, प्रतिमासृष्टी, भाषाशैली, समारोप. चार मथळे, चार परिच्छेद. उत्तर बरोबर असते. पण त्याच विद्यार्थ्यापुढे कवीचे नाव झाकून न पाहिलेली कविता ठेवा. त्याचे डोळे कवितेवर नसतात, मथळे शोधत असतात. त्याला मठ्ठ म्हणणे अन्यायाचे होईल. तीन वर्षे त्याला वर्तुळाच्या कडेवरूनच काठी फिरवायला लावलेली असते. आणि शिक्षकांचेही बरेचसे तसेच. आपल्यालाही सरावातली कामगिरी दिसते, मैदानातली दिसत नाही. निकालाचे आकडे सरावाचेच असतात. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच ही गोष्ट गोल्फच्या कोणत्याही दुकानात सहज खपली असती.

गाब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनाचाही येथे उल्लेख हवा, कारण तो प्रतिमेच्या बाजूने साक्ष देतो. १९९९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ कधीच न खेळलेल्या लोकांना जवळच्या लक्ष्यावर चेंडू टाकायला शिकवले. काहींना सांगितले, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. काहींना सांगितले, काठीच्या हालचालीकडे लक्ष द्या. सूचनांतला फरक एवढाच. काठीकडे पाहणारे अधिक अचूक ठरले, आणि दुसऱ्या दिवशी कोणतीही सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही तो फरक टिकला. लक्ष आपल्या अवयवांवर आले की शरीर अडखळते. ते बाहेर, कृतीच्या परिणामावर असले की चालते. चांगले लिहिणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते. वाक्य लिहिताना जो आपल्या शैलीकडे पाहतो त्याचे वाक्य गोष्टीपासून सुटते.

एवढे लिहून झाल्यावर यंत्राला आणि वस्तूला सरसकट दोषी ठरवणे सोपे आहे, आणि साहित्याच्या वर्तुळात ते लोकप्रियही होईल. पण गोल्फच्याच इतिहासातली एक गोष्ट त्याच्या आड येते. अनेक दशके पुस्तके शिकवत आली की, चेंडू काठीच्या फिरण्याच्या दिशेने निघतो आणि मग काठीचे तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. मोठमोठ्या खेळाडूंनी, मोठमोठ्या शिक्षकांनी हे लिहिले. चित्रे काढून, बाण दाखवून लिहिले. ते चुकीचे होते. थिओडोर यॉर्गेन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली आपल्या पुस्तकात खरे गणित मांडले, तरी शिकवणाऱ्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. डेन्मार्कमधल्या ट्रॅकमॅन या २००३ साली स्थापन झालेल्या कंपनीची रडारयंत्रे सरावाच्या मैदानांवर पोचली, चेंडू नेमका कसा जातो ते आकड्यांत दिसू लागले, तेव्हा कुठे पाठ्यपुस्तके बदलली. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः काठीच्या तोंडाने ठरते. म्हणजे ज्या खेळाडूंचे फटके उत्तम होते त्यांनीही आपण काय करतो याचे वर्णन चूक केले होते. त्यांचे हात एक जाणत होते आणि त्यांची लेखणी दुसरे सांगत होती. लेखकांच्या आत्मकथनांवर आणि मुलाखतींवर समीक्षेचा इमला उभारणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी.

तेव्हा भेद शब्द आणि वस्तू यांच्यातला नाही. भेद आहे धरून ठेवणाऱ्या साधनात आणि सांगून गप्प बसणाऱ्या साधनात. रडार सांगते, हात धरत नाही. बिजागरीची काठी सांगते, जरा उद्धटपणे का होईना. जमिनीवरच्या दोन काठ्या सांगतात आणि त्यांच्यावर टेकता येत नाही, म्हणून त्या मला पसंत. पट्टे आणि वर्तुळे धरतात. अर्थात सांगणारे साधनही अखंड बडबडू लागले की धरणाऱ्यासारखेच होते. प्रत्येक फटक्यानंतर पडद्याकडे वळणारा खेळाडू आता कोणत्याही सरावाच्या मैदानावर दिसतो. हाताला काय वाटले हे आकडा पाहिल्याशिवाय त्याला सांगता येत नाही.

साधनांवाचून शिकलेल्यांची उदाहरणेही द्यायला हवीत. बॉबी जोन्स यांनी अटलांटातल्या स्टुअर्ट मेडन या स्कॉटिश व्यावसायिकाला लहानपणी नुसते पाहून स्विंग उचलला. आपल्याकडचे एस. एस. पी. चौरसिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. तेथेच पाहून, मागून आणलेल्या काठ्यांनी खेळत ते शिकले, २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकले आणि पुढे २०१६ व २०१७ अशी दोन वर्षे इंडियन ओपनही. आणि मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या भिंतीबाहेरच्या वस्तीत कॅडीचे काम करणाऱ्यांनी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत आपले गोल्फ मांडले. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरे. चेंडू भलतीकडे गेला तर कोणाच्या तरी दारात. दिशा दाखवायला वेगळ्या काठ्या अंथरण्याची गरजच नाही.

मात्र या उदाहरणांवरून गरिबी हेच उत्तम साधन, असा निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहावे. तो काढतात सहसा भिंतीच्या आतले लोक. सळई हाती आली कारण खरी काठी परवडत नव्हती. तिच्यातून कोणी पुढे गेला तर ते सळईचे नव्हे, त्याचे कर्तृत्व. आणि किती जण तेथेच राहिले त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. ग्रामीण आणि दलित लेखनाविषयी ‘अनुभवाची सळसळ’ वगैरे बोलताना आपली समीक्षा याच वाटेने गेलेली आहे. असो.

खेळाच्या नियमकर्त्यांनाही या प्रश्नाने सतावले आहे. सराव करताना हवे ते वापरा, पण सामना चालू असताना स्विंगचे साधन वापरायचे नाही, असा नियम आहे. ऑगस्ट २०१० मध्ये ओरेगनमधल्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत ज्युली इंक्स्टर दहाव्या टीवर बराच वेळ खोळंबल्या. अंग मोकळे राहावे म्हणून त्यांनी काठीवर वजनाचे कडे चढवून थोडे हात फिरवले. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने ते कळवले आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. गंमत अशी की, दोन काठ्या एकत्र धरून फिरवल्या असत्या तर चालले असते. वजन तेच, पण कडे हे ‘साधन’ आणि काठी ही काठी. २०१६ पासून पहिल्या भंगाची शिक्षा सौम्य झाली आहे. त्या दिवशीची शिक्षा मला कठोर वाटते, पण नियमामागची समज योग्य वाटते: आधाराशिवाय काय उरले ते पाहण्यासाठीच तर सामना असतो. परीक्षागृहात पुस्तक नेऊ न देण्यामागे मुळात हीच समज होती. पाठांतराने ती केव्हाच पोकळ केली, ही गोष्ट वेगळी.

स्विंगचा सर्वांत निर्दोष नमुना, म्हणाल तर, माणसाचा नाहीच. १९६०च्या दशकात अमेरिकेत ट्रू टेम्पर या कंपनीने बायरन नेल्सन यांच्या स्विंगवरून एक यंत्र केले. त्याला लोक ‘आयर्न बायरन’ म्हणू लागले. चेंडू आणि काठ्या तपासायला ते वर्षानुवर्षे वापरले गेले. दर वेळी तोच फटका, तसाच. ते कधी काही शिकले नाही, कारण ते कधी चुकलेच नाही. आपल्या हातून निदान चार फटके तरी तसे पडावेत असे प्रत्येक खेळणाऱ्याला वाटते, आणि साधने विकणारा नेमके हेच वाटणे विकतो.

साधनांच्या बाजूने एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या घरची आहे. मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराचा सराव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने रूढ केला असे परंपरा सांगते. पकड मजबूत व्हावी, अंग लवचिक व्हावे, प्रतिस्पर्ध्याच्या जागी खांब असावा, एवढाच त्याचा हेतू. खांब कोणालाही धरत नाही. त्याला धरावे लागते, आणि पकड सुटली की तो काहीही न बोलता खाली पाडतो. दोनशे वर्षांत हे साधन ज्या कुस्तीसाठी आले तिला मागे ठेवून स्वतःच्या पायावर उभे राहिले, त्याच्या स्पर्धा भरू लागल्या, त्याचे शिक्षक झाले. आज खांबावर चढणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींनी आखाड्याच्या मातीत कधी पाऊल ठेवलेले नसते. गोल्फच्या दुकानातल्या वर्तुळाचे असे काही होईल असे मला वाटत नाही. नारिंगी चेंडूच्या चाबकाविषयी मात्र मी पैज लावणार नाही; तो फिरवताना लोक काठीपेक्षा जास्त आनंदात दिसतात.